गंजरोधक लेपावरचा रंग: एका जुन्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवरचा रंग आज नखाने उचकटून पाहिला, तर तो तळहाताएवढ्या सलग पापुद्र्याने निघून आला. पापुद्र्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती आणि त्याखालचा काळा गंजरोधक लेप चकचकीत, कोरडा आणि पूर्णपणे शाबूत होता. गंजाचा एक कणही कुठे दिसला नाही. लेपाने पत्रा राखण्याचे काम चोख केले आहे, पण त्यावर दिलेला रंग त्याला कधी चिकटलाच नव्हता. जुनी गाडी दुरुस्त करताना गंज थांबवण्यावर महिने जातात आणि वरचा रंग मात्र एका दिवसात उरकला जातो. मला या वेळी लेप आणि रंग यांच्यामधल्या जोडाकडे नीट लक्ष द्यायचे आहे, म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

अडचण लेपाच्या गुणातच दडलेली आहे. जो लेप पाणी, मीठ आणि तेल यांपैकी कशालाही आपल्यात शिरू देत नाही, तो रंगातील द्रावकालाही शिरू देत नाही. साध्या रंगाच्या दुसऱ्या हाताचा द्रावक पहिल्या हाताला किंचित मऊ करतो आणि दोन्ही हात एकमेकांत गुंततात. पूर्ण पिकलेल्या, म्हणजे रासायनिक क्रियेने कायमच्या कडक झालेल्या, गंजरोधक लेपावर तसे घडत नाही, त्यामुळे रंगाला धरायला काहीच मिळत नाही.

गाडी शिडीच्या आकाराच्या चासीवर बसवलेली आहे आणि आजवर तिच्यावर वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळे उपचार केलेले आहेत. चासीवर आणि कमानींवर कठीण काळा लेप आहे, दरवाज्यांच्या खालच्या कडांवर निळसर काळा गंज-परिवर्तक (गंजालाच स्थिर थरात बदलणारे रसायन) आहे, वेल्डिंगच्या जोडांवर करड्या रंगाचा जस्ताचा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) आहे, पोकळ भागांत मेण ओतलेले आहे आणि तळपत्र्याखाली डांबरी लेपाचा जाड थर आहे. या सगळ्यांवर एकाच पद्धतीने रंग देण्याचा प्रयत्न पूर्वी झालेला दिसतो, आणि आज हातात आलेला पापुद्रा त्याचाच परिणाम असावा.

५ ऑक्टोबर

कोणता लेप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कळल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही असे ठरवले. थिनरमध्ये भिजवलेले पांढरे फडके प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे दाबून धरले आणि मग जोर देऊन घासले. कठीण काळ्या लेपावर काहीही परिणाम झाला नाही, म्हणजे तो रासायनिकदृष्ट्या पूर्ण पिकलेला आहे. डांबरी लेपाने फडके लगेच तपकिरी केले. दरवाज्यांवरचा परिवर्तक जरा चिकट झाला, पण सुटला नाही. जस्ताच्या प्रायमरची करडी भुकटी फडक्याला लागली आणि सुईने ओरखडा काढल्यावर तिथे धातूची चमक दिसली. मेण ओळखायला थिनर लागले नाही. नखाने ओढल्यावर ते गोळा झाले.

प्रत्येक भागाच्या सीमेवर मास्किंग टेप लावून त्यावर लेपाचे नाव लिहिले. या कामात पूर्ण दिवस गेला, पण जिथे दोन लेप एकमेकांवर चढलेले आहेत अशा सात जागा सापडल्या आणि रंगाचे जुने पोपडे नेमके त्याच जागांपासून सुरू झालेले आहेत.

८ ऑक्टोबर

मेण काढण्याचे काम तीन दिवस चालले. पोकळ खणांत ओतलेले मेण उन्हाने पातळ होऊन जोडांतून बाहेर पाझरते आणि पत्र्यावर इतका पातळ थर धरते की तो डोळ्यांना दिसत नाही. अशा जागेवर रंग मारला की त्यात मधोमध खड्डा आणि भोवती कडे असलेले गोल डाग पडतात. स्प्रे-गनने रंग मारणारे त्यांना फिश-आय म्हणतात. ओला रंग मेणावर किंवा सिलिकॉनवर पसरत नाही, मागे सरकतो, त्यामुळे ते पडतात.

या टप्प्यावर क्रम चुकला तर पुढचे सगळे काम वाया जाते. आधी घासले आणि मग पुसले, तर पॉलिश पेपर मेणाला खरखरीत पृष्ठभागाच्या चरांत दाबून भरतो आणि ते पुन्हा बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून आधी गरम हवेने मेण पातळ करून टिपून घेतले, मग मेण आणि तेल काढणाऱ्या द्रावकाने दोन फडक्यांनी पुसले: एका ओल्या फडक्याने मेण विरघळवायचे आणि द्रावक उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते उचलायचे. एकाच फडक्याने पुसत राहिले तर मेण फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ पाणी ओतले. पाणी सलग चादरीसारखे अर्धा मिनिट टिकले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. ते फुटून त्याचे थेंब झाले तर मेण अजून शिल्लक आहे. उजव्या दाराखालच्या जोडाजवळ चार वेळा पुसल्यावर पाणी सलग राहिले.

पोकळ खणांच्या आत राहिलेले मेण मी काढलेले नाही. ते तिथे योग्यच आहे. फक्त खणांची भोके आणि जोड टेपने बंद केले, म्हणजे काम चालू असताना ते बाहेर येणार नाही.

१२ ऑक्टोबर

आज कठीण काळ्या लेपाकडे वळलो. हा ओलाव्याने पिकणारा युरेथेन लेप आहे; पीओआर-१५ हे या जातीचे सर्वांत ओळखीचे नाव. त्यात वेगळा हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) मिसळावा लागत नाही, कारण लेपातील आयसोसायनेट गट हवेतील बाष्पाशी संयोग पावून स्वतःच जाळे विणतात आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लेप एकदम जाड दिला तर हा वायू आत अडकून बारीक फोड येतात. चासीच्या खालच्या बाजूला, जिथे लेप ओघळून जाड झाला आहे, तिथे तसे फोड स्पष्ट दिसतात. या लेपाचा दुसरा दोष म्हणजे तो उन्हाला टिकत नाही. अतिनील किरणांनी त्याची चमक जाते आणि वर खडूसारखी भुकटी येते. म्हणून चासीवर, गाडीच्या पोटाखाली तो उघडा ठेवता येतो, पण कमानींवर आणि बाहेरच्या पत्र्यावर त्याला रंगाचे पांघरूण लागतेच.

पूर्ण गाडीवर प्रयोग करण्यापेक्षा पत्र्याचे चार तुकडे घेतले, त्यांवर हाच लेप देऊन आठवडाभर आधीच पिकवून ठेवले होते. पहिला न घासता तसाच ठेवला, दुसरा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक), तिसरा ३२० ने आणि चौथा १८० ने घासला. चारही तुकड्यांवर एकाच डब्यातील इपॉक्सी प्रायमर एकाच दिवशी मारला. त्यांची परीक्षा प्रायमर पूर्ण पिकल्यावर घेणार आहे.

घासताना एक गोष्ट लक्षात आली. सपाट भागाची चमक गेली तरी खोलगट जागा आणि बोल्टच्या भोवतालचा भाग चमकतच राहतो, आणि रंग तिथूनच सुटायला सुरुवात होते. अशा जागी कागद पोहोचत नाही, म्हणून नायलॉनच्या खरखरीत घासणीने हाताने घासले. उलट पत्र्याच्या कडांवर लेप आधीच पातळ असतो. तिथे दोन-तीन वेळा जोर दिला की लोखंड उघडे पडते. कडा शेवटी आणि हलक्या हाताने घासाव्यात. जिथे तरीही लोखंड दिसले, तिथे लेपाचा नवा हात द्यावा लागेल.

१५ ऑक्टोबर

नवा लेप देताना त्याच्यावर प्रायमर चढवण्याची एक नैसर्गिक वेळ मिळते, आणि तीच मी अर्ध्या भागावर चुकवली. लेप बोटाला लागत नाही, पण बोट फिरवले तर किंचित अडखळते, अशा अवस्थेत त्यावर प्रायमर दिला तर दोन्ही थर रासायनिक बंधाने जोडले जातात आणि घासण्याची गरज पडत नाही. ही अवस्था ओलांडली की लेप काचेसारखा होतो.

साध्या रंगाच्या सवयीने मी असे गृहीत धरले होते की दमट हवेत सगळे सावकाश वाळते. हा लेप मात्र ओलाव्यानेच पिकतो, त्यामुळे दमट हवेत तो लवकर पिकतो आणि कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. काल सकाळी हवा दमट होती. उजवी कमान संपवून डाव्या कमानीकडे येईपर्यंत तिथला लेप अडखळणे थांबून गुळगुळीत झाला होता. उजव्या बाजूला प्रायमर वेळेत गेला. डावी बाजू आज ३२० ने पूर्ण घासली. यापुढे मोठ्या भागावर एकदम लेप देणार नाही. एका वेळी एकच कमान, आणि शेजारी एका पत्र्याच्या पट्टीवर तोच लेप, म्हणजे बोट लावून पाहायला खऱ्या पृष्ठभागाला हात लावावा लागणार नाही.

डब्याविषयीही लिहून ठेवतो. ब्रश सरळ डब्यात बुडवू नये आणि वाटीतला उरलेला लेप परत डब्यात ओतू नये, कारण त्याबरोबर गेलेला ओलावा डब्यातला सगळा लेप पिकवतो. कडेला लेप लागलेला असताना झाकण बसवले तर ते कायमचे चिकटते. मध्ये प्लॅस्टिकचा कागद घातला की ते उघडते. हातमोजे न घालता काम करू नये, कारण कातडीवर पिकलेला लेप कोणत्याही द्रावकाने निघत नाही, कातडी झिजेपर्यंत राहतो.

१९ ऑक्टोबर

दरवाज्यांच्या खालच्या कडा. येथील निळसर काळा रंग टॅनिक आम्लाचा आहे. ते गंजातील लोहाशी संयोग पावून फेरिक टॅनेट बनवते आणि ते पाण्यात विरघळत नाही. फॉस्फोरिक आम्ल असलेले परिवर्तक गंजाचे लोह फॉस्फेट करतात. दोन्ही जातींबद्दल एकच गैरसमज आढळतो, की परिवर्तक लावला म्हणजे गंज संपला. आम्ल वरच्या थरातच पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो थर सैल आणि भुसभुशीत असतो. तसा थर काळा झाला तरी सैलच राहतो आणि त्यावरचा उत्तम रंगही त्याच्याबरोबर गळून पडतो. डाव्या दाराच्या कडेवर पत्र्याची खरवडणी फिरवताच काळे खवले निघाले आणि त्याखाली लालसर गंज तसाच होता. सुटणारे सगळे वायर ब्रशने काढून टाकले आणि घट्ट चिकटलेले तेवढेच ठेवले.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. इपॉक्सी प्रायमरचा हार्डनर अमाइन वर्गातील असतो आणि तो अल्कधर्मी असतो. पत्र्यावर फॉस्फोरिक आम्लाचा अंश राहिला तर ते आम्ल हार्डनरला खाऊन टाकते आणि नेमका पत्र्याला टेकलेला थर कच्चा राहतो. वरून प्रायमर कडक वाटतो, पण खाली मऊ असतो. मागच्या दाराच्या एका पट्टीवर मला हाच अनुभव आला: आठवड्याने चाकूचे टोक लावल्यावर प्रायमर रबरासारखा उचलला गेला. तिथे आम्ल न धुता वाळू दिले होते. वाळलेले आम्ल साध्या पाण्याने नीट निघत नाही; त्यावर पुन्हा ताजे आम्ल लावून ते ओले करावे लागते, मग ओले असतानाच भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसून गरम हवेने कोरडे करावे लागते. पट्टी पूर्ण खरवडून तसे केले. याच कारणाने ‘एच’ (etch) प्रायमरवर, म्हणजे पत्र्याला आम्लाने कोरून धरणाऱ्या प्रायमरवर, मी इपॉक्सी देत नाही. दोघांपैकी एकच निवडावा.

टॅनिकच्या परिवर्तकात पाण्यात मिसळणारा पॉलिमर असतो आणि तो तीव्र द्रावकाने फुगतो, हे पाच तारखेच्या फडक्याने दाखवलेच होते. म्हणून त्यावर प्रायमरचा पहिला हात अगदी पातळ दिला आणि द्रावक उडून गेल्यावरच दुसरा दिला. ओलाचिंब हात दिला असता तर सुरकुत्या पडल्या असत्या.

२३ ऑक्टोबर

जस्ताचा प्रायमर लोखंडाला वाचवतो तो स्वतः झिजून. जस्ताचे प्रमाण विभव (धातूच्या गंजण्याच्या ओढीचे माप; जितके अधिक उणे तितकी ओढ जास्त) उणे ०.७६ व्होल्ट आणि लोखंडाचे उणे ०.४४ व्होल्ट असल्याने दोघे एकमेकांना टेकलेले आणि ओले असले की आधी जस्त गंजते. पण त्यासाठी जस्ताचे कण उघड्या लोखंडाला टेकलेले असले पाहिजेत. या गाडीवर तीन जोडांवर तो प्रायमर जुन्या रंगावरच फवारलेला होता. तिथे तो केवळ करडा रंग होता, म्हणून काढून टाकला. बाकीच्या जोडांवर वर आलेले पांढरे क्षार ताठ ब्रशने आणि पाण्याने धुतले.

जस्तावर अल्किड जातीचा, म्हणजे साध्या तेलरंगाच्या कुळातला इनॅमल देऊ नये. जस्त आणि त्या रंगातील तेलाम्ले यांचा साबण बनतो, आणि काही महिन्यांनी रंग चादरीसारखा सुटतो. इपॉक्सी या साबणीकरणाला बळी पडत नाही. जस्ताचा थर सच्छिद्र असल्याने पहिला हात धुक्यासारखा दिला, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि वरच्या हातात टाचणीएवढी भोके पडत नाहीत.

२७ ऑक्टोबर

डांबरी लेप काढला. त्यावर रंग देण्याचा कोणताही खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. द्रावक लागताच डांबर विरघळून रंगात वर येते आणि तपकिरी डाग किती हात दिले तरी पुन्हा दिसतात. गरम हवेने मऊ करून खरवडले. जिथे रंग लागणार नाही अशा आतल्या भागात तो घट्ट होता, तिथे तसाच ठेवला.

लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि जोडांचे सीलर इपॉक्सीच्या वरच दिले. परिवर्तकावर थेट लांबी भरलेली एक जागा पूर्वीच फुगून आली होती.

१ नोव्हेंबर

वरचा रंग द्यायचा होता, पण सकाळी दिला नाही. हवा २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के होती, म्हणजे दवबिंदू सुमारे १९ अंश. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम असावा हा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे, आणि रात्रभर थंड झालेला पत्रा २१ अंशांवर होता. हवेच्या तापमानाकडे पाहून काम सुरू केले असते तर डोळ्यांना न दिसणाऱ्या दवावर रंग बसला असता. दुपारी पत्रा २७ अंशांवर आल्यावर सुरुवात केली.

त्याआधी इपॉक्सी कोमट पाण्याने आणि घासणीने धुतला, कारण थंड आणि दमट हवेत पिकताना त्याच्या पृष्ठभागावर अमाइन, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगाने तेलकट पापुद्रा येतो आणि तो वरच्या रंगाला धरू देत नाही. हा पापुद्रा घासण्याआधी धुवायचा असतो. येथेही मेणाचाच न्याय लागू पडतो. मग ४०० ने घासून दोन घटकांचा युरेथेन रंग तीन हातांत दिला.

फवारणीच्या रंगाच्या हार्डनरमध्येही आयसोसायनेट असते. त्याच्या वाफेने आणि तुषारांनी दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडा संपर्कही सहन होत नाही. त्याचा वास धोक्याच्या पातळीच्या कितीतरी नंतर जाणवतो, त्यामुळे वास येत नाही म्हणून मुखवटा काढणे चुकीचे आहे. मी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरला, आणि या कामात काटकसर करायची असेल तर ती दुसरीकडे करावी असे मनापासून सांगावेसे वाटते.

२१ नोव्हेंबर

चारही तुकड्यांवर गाडीबरोबरच वरचा रंग दिला होता. आज त्यांची चौकटी काप परीक्षा घेतली, म्हणजे रंगावर जाळीसारखे काप देऊन टेपने किती चौकोन सुटतात ते पाहिले. आयएसओ २४०९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे थराची एकूण जाडी १२१ ते २५० मायक्रॉन असेल तर कापांमधले अंतर ३ मिलिमीटर ठेवायचे असते. माझे थर सुमारे १९० मायक्रॉनचे आहेत. सहा उभे आणि सहा आडवे काप पार पत्र्यापर्यंत दिले, टेप दाबून बसवली आणि ओढली.

न घासलेल्या तुकड्यावरचे बहुतेक सगळे चौकोन टेपला लागून आले आणि खालचा काळा लेप पुन्हा तसाच चकचकीत दिसला. ६०० च्या तुकड्यावर कापांच्या छेदांजवळ बरेच टवके उडाले. ३२० आणि १८० या दोन्हींवर एकही चौकोन हलला नाही, पण १८० चे चर वरच्या रंगातून तिरप्या उजेडात दिसतात. म्हणून डाव्या कमानीवर वापरलेला ३२० हाच कागद यापुढच्या कामासाठीही कायम ठेवतो. वेळ साधून घासल्याविना जोडलेल्या उजव्या कमानीसारखाच तयार केलेला एक तुकडाही कापला. त्याचेही सगळे चौकोन शाबूत राहिले.

५ डिसेंबर

रंग पूर्ण पिकल्यावर शेवटी मेण. पोकळ खणांवरच्या टेप काढल्या आणि लांब नळीच्या फवाऱ्याने प्रत्येक खणात नवे मेण आतल्या टोकापासून बाहेर येत फवारले, म्हणजे मधली कोणतीही जागा सुटत नाही. तळाची पाणी वाहून जाण्याची भोके तारेने मोकळी केली. जोडांतून जे बाहेर आले ते लगेच पुसले. यापुढे कुठे रंगाचा डाग दुरुस्त करावा लागला, तर पॉलिश पेपरच्या आधी दोन फडकी आणि पाण्याची परीक्षा लागेल, हे दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवले आहे. रबरी बुचे बसवली आणि गाडी जॅकवरून खाली उतरवली.